बकेट म्हणजे बादली नव्हे

आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात, ‘किक ऑफ, किक इन, किक आउट, किकबॅक हे मुलांना कसंबसं समजावता येतं. पण किक द बकेट म्हणजे मरणे, हे सांगितलं की वर्ग हसतो. गाइडात त्याचा अर्थ बादलीला लाथ मारणे, मृत्यू पावणे असा दिला आहे. लाथेचा, बादलीचा आणि मरणाचा संबंध काय? आणि मराठीत त्याला नेमकं काय म्हणावं?’

बाई, मुलं हसतात ते बरोबरच आहे. गाइड लिहिणाऱ्याने दोन्ही शब्दांचे कोशातले पहिले अर्थ उचलले आणि शेजारी शेजारी ठेवले. याला अर्थ सांगणं म्हणत नाहीत. त्याहून मोठी चूक म्हणजे हा वाक्प्रचार कुठे वापरायचा नाही, याबद्दल अशा पुस्तकांत एक ओळ नसते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका मुलाने शेजारच्या आजोबांच्या निधनाची बातमी टाकली. इंग्रजीत, नीट, आदराने. सुरुवातीला ‘विथ डीप सॉरो’, आणि पुढे ‘किक्ड द बकेट धिस मॉर्निंग’. त्या मुलाच्या मनात काहीही वाईट नव्हतं. क्लासमध्ये ‘डाय’ऐवजी वापरायचा भारदस्त वाक्प्रचार म्हणून तो त्याला शिकवला होता. आजोबांची मुलगी परदेशात असते. बाप गेल्याचा निरोप तिने त्या शब्दांत वाचला. ‘आजोबा गचकले, अंत्ययात्रा अकरा वाजता’ असं मराठीत कोणी लिहील का?

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: गचकणे. खपणे, आटोपणे हेही त्याच पंगतीतले, पण गचकणे सगळ्यांत जवळचं. ते का, हे पुढे येईल.

‘बकेट लिस्ट’चा वापरही असाच डोक्यात जातो. ‘या दिवाळीची माझी बकेट लिस्ट: दोन कुर्ते, एक मिक्सर.’ अहो, ती किराणाची यादी झाली. बकेट लिस्टमधली बकेट ही हीच, मरणाची. मरण्याआधी करायच्या गोष्टींची ती यादी, आणि २००७ साली त्याच नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला. चित्रपटातल्या दोन म्हाताऱ्यांना कॅन्सर असतो. यादीमागे मरण उभं आहे म्हणून तिला वजन आहे. ते काढून घेतलं की उरतं ते ‘आणायच्या वस्तू’.

आता बाकीच्या लाथा पटकन. किक आउट म्हणजे हाकलून देणे. इथे मुलांना एक गंमत जरूर दाखवा: ‘हाकलून देणे’मध्ये आपण कोणाला काही देत नाही. आपलं ‘देणे’, ‘टाकणे’, ‘बसणे’ मुख्य क्रियापदाच्या मागे लागलं की स्वतःचा अर्थ सोडतं आणि नुसता रंग देतं. खाऊन टाकलं, बोलून बसलो. इंग्रजीत हेच काम आउट, ऑफ, इन हे चिमुकले शब्द करतात. हे एकदा कळलं की फ्रेझल व्हर्ब पाठ करायचं भय निम्मं जातं. किक ऑफ, म्हणजे सुरुवात करणे, फुटबॉलमधून आलं. किक इन म्हणजे गोळीचा अंमल सुरू होणे. किकबॅकला आपल्याकडे ‘टक्केवारी’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे, तो असताना ‘लाच-परतावा’ असलं काही घडवू नये.

‘किक अपस्टेअर्स’वर मात्र थांबायला हवं, कारण त्याची जन्मकथा हाती आहे. १६८४ साली इंग्लंडच्या राजाने रोचेस्टरच्या अर्लला खजिन्यावरून हलवून मानाने वरच्या पण अधिकाराने पोकळ अशा पदावर बसवलं. त्याचा प्रतिस्पर्धी हॅलिफॅक्स म्हणाला की जिन्यावरून लाथेने खाली ढकललेले पुष्कळ ऐकले होते, लाथेने वर चढवलेला हा पहिलाच. बिशप बर्नेटने आपल्या इतिहासात हे नोंदवून ठेवलं आहे. वाक्प्रचार कोणाच्या तोंडून निघाला हे इतकं स्वच्छ कळणं फार दुर्मीळ.

आणि ‘किक’ हा शब्द इंग्रजीत तसा उशिरा दिसतो, चौदाव्या शतकाच्या अखेरीस. त्याचं मूळ कोणालाच लागलेलं नाही. त्याआधी लाथ मारण्याला इंग्रज ‘स्पर्न’ म्हणत. आज स्पर्न म्हणजे तुच्छतेने नाकारणे, म्हणजे आपलं लाथाडणे! लाथ मारणे वेगळं आणि लाथाडणे वेगळं, हा जो फरक मराठीने एका प्रत्ययाने केला, तो इंग्रजीने जुना शब्द वर ढकलून आणि नवा खाली आणून केला. किकच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक विक्लिफच्या, म्हणजे चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलात आहे: टोचणीवर लाथ मारणं तुला जड जाईल, या अर्थाचं वाक्य. ग्रीकांत ही म्हण त्याच्याही आधीपासूनची. नांगराचा बैल मागून टोचणाऱ्या काठीवर लाथ झाडतो आणि खिळा आणखी खोल घुसवून घेतो. ज्यांनी औत पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या काठीला आपल्याकडे पराणी म्हणतात आणि तिच्या टोकाच्या खिळ्याला आर. मराठी बायबलातही ‘पराणी’च आहे. अनुवाद करणाऱ्याने शेतावरचा शब्द वापरला, म्हणून ती ओळ मराठीत जिवंत राहिली. गाइडवाल्यांनी हे एक वाक्य समोर ठेवावं.

आता बादलीकडे. खरं म्हणजे मला एवढंच सांगायचं होतं: त्या वाक्प्रचारातली बकेट ही बादलीच नव्हे.

इंग्रजीत बकेट नावाचे दोन शब्द होते, जसे आपल्याकडे माळ दोन आहेत, एक गळ्यातली आणि एक गावाबाहेरचा. एक बकेट पाणी भरायची. दुसरी बकेट म्हणजे आडवं लाकूड, ज्याला काही टांगायचं किंवा ज्यावरून ओझं वाहायचं. ही दुसरी बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या तराजूच्या दांडीसारख्या अर्थाच्या ‘ब्युके’ या शब्दावरून आली. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ ‘ब्रूअर्स बकेट’ म्हणतो, ती हीच: बिअर गाळणाऱ्यांची कावड. आणि इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक भागात, कापलेलं डुक्कर मागच्या पायांनी ज्या तुळईला उलटं टांगत, त्या तुळईला एकोणिसाव्या शतकापर्यंत बकेट म्हणत असत. टाचा वर, लाकडाला बांधलेल्या. शेवटचा झटका येतो तेव्हा पाय आपटणार ते त्या लाकडावर. ती बकेटला मारलेली लाथ.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: डुक्कर आधी मारतात, मग टांगतात, मेलेलं डुक्कर लाथ कसं मारेल? हा आक्षेप घेणाऱ्यांनी कधी जनावर कापताना पाहिलेलं नाही. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेला देवळामागे बोकड कापत. मान वेगळी झालेली असायची आणि मागचे पाय मात्र चालूच. खूर मातीत रेघा ओढत राहायचे. एक लांब, मग दोन आखूड, मग नुसती थरथर. आम्ही मुलं त्या रेघा मोजायचो. माझी आजी त्यासाठी एकच शब्द वापरायची: टाचा घासतंय. आणि ‘टाचा घासणे’ म्हणजे मराठीत काय, ते तुम्हाला माहीत आहे. माणसाला तर कोणी टांगत नाही, तरी आपण ‘अखेर टाचा घासून मेला’ म्हणतो. माझं ठाम मत आहे की नॉरफोकचा शेतकरी आणि माझी आजी एकच गोष्ट पाहून बोलत होते. फरक एवढाच की त्याच्या डोळ्यांसमोर टाचेखाली लाकूड होतं आणि आजीच्या डोळ्यांसमोर माती.

शेजारच्या भाषाही हेच सांगतात. स्पॅनिशमध्ये मरणे म्हणजे तंगडी ताणणे. पोर्तुगीजमध्ये तर ‘इश्तिकार उ पेर्निल’, आणि पेर्निल म्हणजे डुकराची मागची तंगडी! याहून स्पष्ट काय पाहिजे?

तरीही दोन खोट्या व्युत्पत्ती सगळीकडे फिरत असतात. पहिली आत्महत्येची: माणूस बादलीवर उभा राहतो आणि ती लाथेने उडवतो. ही कथा ज्याने रचली त्याने वाक्प्रचार वापरून पाहिला नाही. इंग्रजीत आजारपणाने किंवा म्हातारपणाने गेलेल्यालाही हे सहज म्हणतात, खास आत्महत्येसाठी कोणी म्हणत नाही. मूळ तिथे असतं तर अर्थात त्याचा डाग राहिला असता. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोसने लंडनच्या गल्लीबोळांतली भाषा गोळा करून कोश काढला, त्यात याचा अर्थ सरळ ‘मरणे’ एवढाच दिला आहे. दुसरी व्युत्पत्ती चर्चची: कॅथलिक प्रथेत मृताच्या पायाशी तीर्थाची बादली ठेवत, म्हणे. पण प्रेत पाय झाडत नाही, आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये ती प्रथा ग्रोसच्याही दोन शतकं आधी मागे पडल्यावर गल्लीतल्या टवाळांच्या तोंडी तिचा वाक्प्रचार कुठून येणार? हे मत काही विद्वान अजून जपून मांडतात. त्यांनी जपून मांडण्याऐवजी सोडून द्यावं.

आणि आता खरी मौज. गाइडात जी ‘बादली’ आहे, ती मराठी तरी आहे का? नाही. पोर्तुगीज ‘बाल्द’, त्याचं बालदी, आणि अक्षरांची अदलाबदल होऊन बादली. कोकणात आणि मुंबईत अजून बालदी म्हणणारे भेटतात, हिंदीची बाल्टीही तिथलीच. घमेलं पोर्तुगीजांचं, पिंप पोर्तुगीजांचं. पाणी साठवायची अर्धी भांडी आपण त्यांच्याकडून घेतली. त्याआधी विहिरीवर पोहरा होता, म्हणून म्हण ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ अशी आहे, तिथे बादलीला जागा नाही. आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘शुतार उ बाल्द’, म्हणजे शब्दशः बादलीला लाथ मारणे, असा वाक्प्रचार खरोखरच आहे. त्याचा अर्थ मरणे नव्हे! त्याचा अर्थ वैतागून सगळं सोडून देणे, आपलं ‘भरल्या ताटाला लाथ मारणे’. म्हणजे गाइडातलं भाषांतर इंग्रजीच्या हिशेबाने चूक, मराठीच्या हिशेबाने निरर्थक, आणि ज्या भाषेतून बादली आली त्या भाषेच्या हिशेबाने वेगळंच काही सांगणारं.

गचकणेबद्दल राहिलं. किक द बकेट फार हट्टी आहे, त्याचं काहीही बदलता येत नाही. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की खरीखुरी बादली पडते, मरण नाहीसं होतं. आणि ‘तो तीन आठवडे मरत होता’ हे इंग्रजीत ‘डाइंग’ने म्हणता येतं, ‘किकिंग द बकेट’ने नाही. कारण ते एका क्षणाचं मरण आहे, तो शेवटचा झटका. मराठीत लावून पाहा. ‘तीन आठवडे मरत होता’ चालतं, ‘तीन आठवडे गचकत होता’ कानाला लगेच खटकतं. ‘टाचा घासत होता’ मात्र चालतं, म्हणून चित्र तेच असूनही ते इथे बसत नाही. गचकणे बसतं, आणि सूरही तोच: मित्रांमध्ये, पाठीमागे, दुःख नसलेल्या मरणाबद्दल. यंत्रालाही चालतं. ‘माझी जुनी चेतक गचकली’ हे ‘माय ओल्ड चेतक किक्ड द बकेट’चं मी आजवर पाहिलेलं सगळ्यात नेमकं मराठी आहे. वर्गात हेच वाक्य द्या. आणि त्याच तासाला फळ्यावर लिहा की माणूस गेल्याचं कळवताना ‘पास्ड अवे’ म्हणायचं, मराठीत ‘निधन झालं’ किंवा नुसतं ‘गेले’.

एक विनंती वाचकांना. खाटकाच्या दुकानात बोकड ज्या आडव्या लाकडाला किंवा दांड्याला टांगतात, त्याला तुमच्या भागात काही खास शब्द असेल तर तालुक्याच्या नावासह कळवा. आमच्याकडे त्याला नुसतं ‘आडवं’ म्हणत, पण एवढ्या जुन्या धंद्यात त्याला स्वतःचं नाव असणारच.