ईसीजी नॉर्मल आला, तरी हृदय निर्धोक म्हणावे का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास नाही आणि नुकताच काढलेला ईसीजीही नॉर्मल आला. तरीही थेट अँजिओग्राफी करून घ्यावी, असे नातेवाईक सुचवतात. आईला (वय ६४) कोणताच आजार नाही. दोघांच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे; मात्र त्रास नसताना सुरुवात अँजिओग्राफीपासून करू नये. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी हा त्या काही सेकंदांतील विद्युतक्रियेचा आलेख असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचू लागले असले, तरी तो निर्दोष येऊ शकतो. स्ट्रेस टेस्टमध्येही (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेल्या ईसीजीतही) बहुधा वाहिनी बरीच अरुंद झाल्यावरच दोष दिसतो. आणि अनेक झटके तर लहानसा थर अचानक फाटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यामुळे येतात. त्यातच मधुमेहाने मज्जातंतू क्षीण झाले, तर छातीतील वेदना जाणवेनाशी होते. म्हणून ‘त्रास नाही’ या उत्तरावर न थांबता, पूर्वी एका दमात चढणारा जिना वडील आता मध्ये थांबून चढतात का, हे मुद्दाम विचारावे. वयामुळे असेल, असे म्हणून ज्येष्ठ मंडळी ते सांगतच नाहीत.

दोघांचाही रक्तदाब, एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल, रक्तशर्करा आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे. वडिलांच्या लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही पाहावे. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती अनियमित लागली, तर ईसीजी काढून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) नाही ना, याची खात्री करावी. कारण हा दोष काही न जाणवता राहू शकतो आणि त्याने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. हृदयाची झडप अरुंद झाल्याची शंका अनेकदा साध्या स्टेथोस्कोपनेच येते, तेव्हा डॉक्टरांकडून छाती अवश्य तपासून घ्यावी.

कॅल्शियम स्कोअर ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेले कॅल्शियम मोजणारी, रंगद्रव्य न टोचता होणारी सीटी तपासणी आहे. वडिलांना मधुमेहामुळे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू करण्याचा सल्ला बहुधा तसाही मिळेल, त्यामुळे माझ्या मते ती आईला अधिक उपयोगी ठरू शकते. तीही औषधाचा निर्णय अधांतरी असेल तरच. स्कोअर शून्य आल्यास नजीकच्या वर्षांतील धोका कमी मानतात, १०० किंवा अधिक आल्यास कल स्टॅटिनकडे झुकतो. कॅल्शियम न साचलेले मऊ थर मात्र या तपासणीत दिसत नाहीत.

ॲस्पिरिन मात्र कोणी सुचवले म्हणून स्वतःहून सुरू करू नये. हृदयविकार नसलेल्या साठीपुढील व्यक्तींत त्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका अनेकदा फायद्याहून मोठा असतो.