घरच्या विजेच्या भट्टीत राखेचं ग्लेझ (मातीच्या भांड्यांवरचा काचेसारखा लेप) जमेल का? भरवशाची रेसिपी कुठे मिळेल?

'रेसिपी कुठे मिळेल' वाचलं आणि जुनी खपली निघाली.

मी शिकलो त्या स्टुडिओत ग्लेझच्या बादल्यांवर नुसते आकडे असत. आत काय ते फक्त सरांना ठाऊक. विचारलं की उत्तर ठरलेलं : "आधी चाकावर हात बसू दे." जपानी नुका ग्लेझ म्हणजे भाताच्या तुसाची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार (एक खनिज), साधारण सारख्या वजनाने. जगभर छापून आलेली गोष्ट; आमच्याकडे मात्र राजगुपित. आम्ही कोल्हापूरकडचे, आमच्याकडे चिपाडांना तोटा नाही. मामाच्या गुऱ्हाळातल्या चुलवाणाची राख पोत्यात भरून आणली, तर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मग गुऱ्हाळच काढ की!"

अहो, ऊस काय आणि भात काय, दोन्ही गवतंच. राखेत भरपूर सिलिका. म्हणूनच ती एकटी वितळत नाही. चाचणीच्या टाइलवर खरखरीत पांढरा थर राहतो, नखाने खरवडला की भुगा. तिला वितळवतं ते लाकडाच्या राखेतलं कॅल्शियम आणि फेल्डस्पारमधलं सोडा-पोटॅश. मी बाभळीची राख घेतली. चिपाडाच्या राखेत काळे कण होते, ते बिस्कबरोबर (ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीत) पुन्हा जाळले. मग सगळं ओलं करून चाळलं (ते पाणी हाताला झोंबतं, हातमोजे घाला). गॅसच्या भट्टीत कोन दहा (भाजणीची पातळी), म्हणजे १२८० अंशांच्या वर. लोह असलेल्या मातीवर जाड थर बसला तिथे सायीसारखं दुधाळ, मध्येच निळसर झाक, आणि काठावर पातळ झालं तिथे तपकिरी. सरांनी वाडगा उलटा करून बूड पाहिलं आणि म्हणाले, "माती बरी आहे." ग्लेझबद्दल चकार शब्द नाही!

आता तुमचं. जमेल, पण घरगुती भट्टी बहुधा १२२०-१२४० वर चालवतात, तिथे हे मिश्रण अर्धकच्चं राहील. बोरॉनचं फ्रिट (लवकर वितळणारी दळलेली काच) ५-५ टक्क्यांनी वाढवत टाइल्स भाजा. तांब्याच्या लाल रंगाचा नाद सोडा. त्याला रिडक्शन, म्हणजे भट्टीत हवा कमी ठेवून भाजणं, लागतं. विजेच्या भट्टीत तांबं हिरवंच येणार. आत धूर कोंडायच्या फंदात पडलात तर एलिमेंट्स (तापणाऱ्या तारा) लवकर जातील.

आणि रेसिपी लपवणं हा शुद्ध बावळटपणा आहे. माझी बाभूळ वेगळी, तुमची वेगळी. माती वेगळी, थराची जाडी वेगळी. वर दिलेलं प्रमाण जसंच्या तसं वापरलंत तरी माझा वाडगा तुमच्या भट्टीतून निघायचा नाही. मग चोरीला जाणार काय? शिकवणी लावणार असाल तर पहिल्याच दिवशी ग्लेझमध्ये काय आहे ते विचारा. नाही सांगितलं तर फी भरू नका.

हो, राहिलंच. कोरडी राख चाळताना मास्क हवाच. राखेचं ग्लेझ ओघळतं, बुडाकडची बोटभर जागा कोरी ठेवा, नाहीतर शेल्फला चिकटेल. चकाकी आली म्हणजे भांडं जेवायला चाललं असंही नाही. लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहा. रंग उतरला तर त्यात आमटी वाढू नका, किल्ल्या ठेवा. नाही उतरला तरी विकण्याआधी लॅबमधून तपासून घ्या.