दोघांसाठी दोन दिवस : ठाण्याहून नाशिक, सहा हजारांच्या आत

प्रश्न : मी आणि माझे पती कळव्याला राहतो. दोघांचीही नोकरी खासगी कंपनीत असल्याने शनिवार-रविवारखेरीज सुट्टी मिळत नाही. लोणावळा, माथेरान, अलिबाग हे सगळे पाहून झाले आहे आणि तिथे आता शनिवारी नुसत्या खोलीचेच भाडे चार-पाच हजार सांगतात. एखादे जुने शहर दोघांनी मिळून निवांत पाहावे, असे मनात आहे. पुण्यात दोन्हीकडचे नातेवाईक असल्याने तिकडे गेलो तर ती सहल राहणार नाही. आमच्याकडे गाडी नाही. सर्व खर्च धरून सहा हजार रुपयांपुढे जाता येणार नाही. कुठे जावे? (एक वाचक, कळवा)

उत्तर : आपण नाशिकला जावे. दोन दिवसांच्या सहलीत पैसे प्रवासात फारसे जात नाहीत. ते गावाबाहेरच्या खोलीत आणि त्या खोलीतून दर वेळी शहरात येण्याजाण्याच्या रिक्षांत जातात. नाशिकचा जुना भाग पायी पाहता येतो आणि त्याच्या जवळच साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात, म्हणून आपल्या अटींत हे शहर नेमके बसते.

शनिवारी सकाळी तपोवन एक्स्प्रेस पकडावी. ती सातच्या थोडी आधी ठाण्याहून निघते आणि साडेनऊ-दहापर्यंत नाशिकरोडला पोहोचवते. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास तीच गाडी नाशिकरोडहून परतीला मिळते. वेळापत्रकात अधूनमधून बदल होत असल्याने तिकीट काढताना वेळा पाहून घ्याव्यात. सेकंड सिटिंगची जाण्यायेण्याची चार तिकिटे मिळून साधारण पाचशे रुपयांत होतात; एसीची गरज थंडीच्या दिवसांत भासत नाही आणि उघड्या खिडकीतून कसारा घाट पाहण्याचे सुख वेगळेच असते. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. सुट्टीला जोडून आलेला शनिवार असेल तर ते पहिल्या काही दिवसांतच करावे, कारण प्रतीक्षा यादीतले तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. परतीचे आरक्षण मिळाले नाही तर मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग बसस्थानकावरून ठाण्याकडे जाणाऱ्या एसटी गाड्या आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट असल्याने आपल्या दोघांचा प्रवास दीड तिकिटात होईल. मात्र रविवारी रात्री भिवंडी वळणरस्त्यावर किती वेळ जाईल हे ठाणेकरांना सांगायला नको. शक्यतो रेल्वेच धरावी.

नाशिकरोड स्थानक जुन्या शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही आणि स्थानकासमोर खोली घेतली की सहलीचे गणित बिघडते. स्थानकाबाहेरून महापालिकेची सिटीलिंक बस किंवा शालिमारकडे जाणारी शेअर रिक्षा घ्यावी आणि खोली शालिमार, जुने सीबीएस किंवा महात्मा गांधी रस्ता या पट्ट्यात ठरवावी. तेथे दीड ते दोन हजारांत दोघांची साधी खोली मिळते. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : भाड्यात जीएसटी धरला आहे का, खोली सकाळी दहाला मिळेल का, आणि खोली चोवीस तासांच्या हिशेबाने देतात की दुपारी ठरावीक वेळी सोडावी लागते. गंगापूर धरणाच्या काठावरचे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान रमणीय आहे, पण आपल्याला पाहायचे आहे शहर, आणि तेथून शहरात येण्यासाठी दर वेळी वाहन करावे लागेल.

शनिवारी न्याहारीला मिसळ खावी, हे सांगण्याची आवश्यकता नाही. फक्त शहराबाहेरच्या, झोपाळे आणि बाग असलेल्या मिसळीच्या ठिकाणी जाऊ नये, कारण सुट्टीच्या दिवशी तिथे ताटकळत बसावे लागते आणि रिक्षाचे भाडे मिसळीच्या वर जाते. त्यानंतर सराफ बाजार, भांडी बाजार असे उतरत गोदाघाटावर यावे. या बाजारात तांब्या-पितळेची भांडी, पूजेचे साहित्य आणि जुन्या वाड्यांचे लाकडी सज्जे पाहत चालण्यातच तास सहज जातो.

घाटावर दोन गोष्टी थांबून पाहाव्यात. रामकुंडाजवळ पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत नाशिककर पुराची मोजणी करतात. पलीकडे १७४७ मध्ये बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या तटावरची मोठी घंटा मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईला पोर्तुगिजांवर मिळवलेल्या विजयाची खूण आहे. ठाणे आणि वसई हे एकाच मोहिमेतले मुलूख असल्याने आपल्याकडच्या माणसाने ती घंटा मान वर करून मिनिटभर जरूर पाहावी.

पुढे पंचवटीत काळाराम मंदिर. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे काळ्या दगडाचे मंदिर वास्तू म्हणून देखणे आहेच, परंतु २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच दारांशी सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. त्यात दादासाहेब गायकवाडांसह असंख्य सत्याग्रहींनी मार खाल्ला, तुरुंग सोसला. दर्शन घ्यायचे असो वा नसो, त्या महाद्वाराशी उभे राहून हे आठवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दुपारी विश्रांती घ्यावी. रात्री शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरात नाटक असेल तर पाहावे आणि खोलीवर चालत परतावे.

रविवारी सकाळी आठच्या आत पांडवलेणी गाठावी. शहरापासून मुंबईच्या रस्त्याला सुमारे आठ किलोमीटरवर ही चोवीस लेणी आहेत. पायऱ्यांची चढण अर्ध्या तासाची असली तरी ऊन वाढल्यावर ती दमवते. पुरातत्त्व खात्याचे तिकीट नाममात्र आहे. सगळी लेणी सारख्याच वेळात उरकण्यापेक्षा तिसऱ्या लेण्यात बसावे. त्याच्या ओसरीच्या तळाशी सहा धिप्पाड पुरुष दगडी तुळया खांद्यावर पेलून अर्धवट जमिनीबाहेर आल्यासारखे कोरलेले आहेत. ओसरीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती आई. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा आपला मुलगा होता, असे ती त्यात सांगते. अक्षरे वाचता येत नसली तरी सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका आईचे हे म्हणणे दगडावर कोरलेले पाहता येते, याहून अधिक काय हवे? भिंतीला हात मात्र लावू नये. दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. तेही पाहून खाली उतरावे.

त्र्यंबकेश्वर या खेपेस सोडून द्यावे. अठ्ठावीस किलोमीटर जाणे, रविवारची रांग आणि परतणे यांत उरलेला दिवस संपतो. द्राक्षमळ्यांची आणि वाइनरीची फेरीही सहा हजारांत बसणारी नाही. दुपारी चिवडा, मनुका घ्याव्यात आणि गाडीच्या तासभर आधी नाशिकरोडकडे निघावे.

खोलीचे दोन हजार, प्रवासाचे पाचशे, दोन दिवसांच्या खाण्याचे दीड हजार, बस-रिक्षांचे सातशे आणि नाटकाचे सात-आठशे धरले तरी पाच-साडेपाच हजारांत सहल होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. भर पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाटावरची देवळे पाण्यात जातात, आणि सिंहस्थाच्या पर्वकाळात नाशिकमध्ये ना खोली मिळेल ना चालायला रस्ता.

प्रश्न : आमचे लग्न नुकतेच झाले आहे. माझ्या आधार कार्डावर अजून माहेरचे नाव आहे. आम्हालाही अशीच सहल करायची आहे, पण लॉजवर अडवतील अशी सासूबाईंना काळजी वाटते. (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : पतिपत्नींचे आडनाव एकच असावे, असा कोणताही कायदा नाही. दोघांनी आपापले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. नोंदवहीसाठी तेवढे पुरते. काही मालकांचे स्वतःचे नियम असतात, म्हणून खोली ठरवताना फोनवरच दोन्ही नावे सांगावीत आणि होकार मिळाल्यावरच पैसे भरावेत. लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवल्यास सासूबाईंची काळजीही मिटेल. नेरूळहून ठाण्याला येण्यासाठी पहाटेची ट्रान्स हार्बर लोकल धरावी आणि ठाण्यात फलाट बदलायला वेळ हाताशी राहील, अशा बेताने घरून पाऊण तासाऐवजी सव्वा तास आधी निघावे.