हेरिंगबोनचं गणित आधी, फोटोशॉप नंतर

प्रश्न : नमस्कार ताई, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, नाशिकला. बंगल्याच्या अंगणाच्या रेंडरसाठी (कॉम्प्युटरवरच्या खऱ्यासारख्या चित्रासाठी) विटांच्या पेव्हिंगचं टेक्स्चर (पृष्ठभागावर परत परत लावायची इमेज) बनवतेय, हेरिंगबोनमधे, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या आडव्या-उभ्या विटांच्या रचनेत. विटेचं माप सांध्यासकट २०० बाय १०० मिमी धरलंय आणि बरोब्बर १ मीटरचा चौकोन कापलाय, तरी स्केचअपमधे (थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमधे) लावलं की दर मीटरला शिवण दिसते, आडव्या विटेसमोर उभी वीट येते. फोटोशॉपमधे ऑफसेट फिल्टर लावून (इमेज सरकवून कडा मधे आणून) क्लोन स्टॅम्पने (एका जागचं दुसरीकडे उमटवणाऱ्या ब्रशने) घासून घासून कंटाळले. काय करू?

उत्तर : अगं, क्लोन स्टॅम्प आधी बंद कर, ती शिवण घासून जाणारी नाहीये कारण ती डागाची नाही, गणिताची आहे. १०० मिमीचा एक खण धरलास तर ९० अंशाचं हेरिंगबोन आडवं आणि उभं दोन्हीकडे ४ खणांनी रिपीट होतं, म्हणजे ४०० मिमीनी. १ मीटर म्हणजे १० खण, त्याला ४ ने भाग जात नाही, अडीच रिपीट होतात आणि मग त्या उरलेल्या अर्ध्यामुळे आडवीसमोर उभी येणारच. १.२ मीटर घे, १.६ घे, २ मीटर घे, सगळं जुळेल. मी १.६ मीटरच घेते कारण ४०९६ पिक्सेलच्या इमेजमधे एक खण बरोबर २५६ पिक्सेलचा पडतो, वीट ५१२ ची, कुठेही अपूर्णांक नाही, आणि चौकोनात १२८ विटा बसतात.

काढताना फोटोवरून काढू नकोस, कॅडमधे काढ. एक आडवी वीट, तिच्या उजव्या टोकाला लागून उभी वीट, दोघींची वरची कड एका रेषेत, म्हणजे उभी एक खण खाली उतरते. ही जोडी १०० उजवीकडे १०० वर अशी तिरकी कॉपी करत जायची, पट्टा झाला की अख्खा पट्टा ४०० उजवीकडे कॉपी. मग १६०० चा चौकोन कुठूनही काप, काठावर अर्धी वीट आली तरी पलीकडच्या काठावर तिचा उरलेला भाग येतोच, फक्त त्या दोन अर्ध्यांना एकच रंग द्यायचा हे विसरायचं नाही, नव्वद टक्के शिवणी तिथेच दिसतात. ऑटोकॅडमधला एआर-हेचबोन हॅच (रेघांचा तयार नमुना) प्लॅनसाठी ठीक आहे पण त्यात नुसत्या रेघा मिळतात, सुट्या विटा मिळत नाहीत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ब्रिक टेक्स्चर नोडमधे तर आडवे थरच येतात, हेरिंगबोन नाहीच.

सांध्याचं एक बघ. आपली मॉड्युलर वीट १९० बाय ९० ची, १० मिमीचा सांधा धरला की २०० बाय १००, दोनास एक हे प्रमाण जमतं. पण वीट मुळातच २०० बाय १०० ची आणि सांधा ३ मिमीचा असेल तर २०३ आणि १०३ होतं, दुप्पट होत नाही, साइटवर गवंडी सांधे थोडे कमीजास्त करून ते जिरवतो, तू ड्रॉइंगमधे जिरव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक विटेला सपाट करड्या रंगाची वेगवेगळी छटा देऊन एक मास्क बनव, म्हणजे कुठली वीट कुठली हे सांगणारी करडी इमेज. याच मास्कवरून रंगातला फरक, रफनेसमधला (खरखरीतपणातला) फरक आणि उंचीतला १-२ मिमीचा फरक, तिन्ही काढायचं. खऱ्या फरसबंदीत कुठलीच वीट शेजारणीशी अगदी लेव्हलला नसते, संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की तेच दिसतं. नॉर्मल (उंचसखलपणा दाखवणारा) आणि रफनेसच्या मॅपला सॉफ्टवेअरमधे रंगाची इमेज म्हणून लावू नकोस, नॉन-कलर (रंग नाही, नुसते आकडे) ठेव, नाहीतर उजेड विचित्र पडतो.

प्रश्न : शिवण नाहीये पण वरून बघितलं की एकच डाग ओळीने परत परत दिसतो. एवढी मोठी सोसायटी आहे, पार्किंगसकट. टेक्स्चर केवढं मोठं करू?

उत्तर : मोठं करून फार फायदा नाही, मशीन तेवढी जड होईल. तुमच्या टेक्स्चरमधे दोन-तीन विटा उठून दिसतायत, एखादी काळपट जळकी, एखादी फुटकी, डोळा त्याच पकडतो. त्या काढून टाका. विटा साध्याच ठेवा आणि डाग, शेवाळ, टायरच्या खुणा वेगळ्या मॅपमधून वर चढवा, त्याचं माप मुद्दाम न जुळणारं घ्या, म्हणजे विटा १.६ मीटरनी रिपीट आणि डाग ७ मीटरनी. टायरच्या खुणा गाडी जिथून जाते तिथेच हं, सगळीकडे नाही. आणि रंग जरा उतरवा, पाठवलेल्या इमेजमधली वीट टोमॅटो सॉससारखी लाल आहे. फोटो वापरत असाल तर ढगाळ पण कोरड्या दिवशी काढा, भिजलेली वीट गडद येते, आणि उन्हातल्या फोटोत सावल्या आधीच छापलेल्या असतात, मग तुमचा सूर्य एकीकडे आणि सांध्यातली सावली दुसरीकडे.

प्रश्न : कॉलेजचं पंख्याच्या आकाराचं अंगण आहे, त्यात हेरिंगबोन कसं वळवायचं?

उत्तर : वळवू नका, वीट वळत नाही. इटलीत सिएनाचा पियाझ्झा देल काम्पो बघा, शिंपल्यासारख्या आकाराचा उतरता चौक, लाल विटांचं हेरिंगबोन आणि फिकट दगडाच्या पट्ट्यांनी पाडलेले ९ भाग. तसंच तुम्ही फाका पाडा, प्रत्येक फाकेचं मॅपिंग (टेक्स्चर बसवायची दिशा) तिच्या मधल्या रेषेप्रमाणे फिरवा, टेक्स्चर तेच राहू दे. ४५ अंशातलं हेरिंगबोन हवं असेल तरी मॅपिंगच फिरवा, नवीन इमेज बनवायची गरज नाही. दोन फाकांच्या मधे पट्टी आणि बाहेरच्या कडेला उभ्या विटांची बॉर्डर, ही मात्र वेगळी मॉडेल करा, कापलेल्या विटांचे त्रिकोण थेट लॉनला टेकलेले दाखवलेत तर साइटवरचा माणूस पहिल्या नजरेत ओळखतो की हे नुसतं चित्र आहे.