पहिल्या बास गिटारसाठी तारा

मित्रा, ब्रँडच्या वादात आत्ताच पडू नकोस. आधी टेपने नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं (खाली तारा टेकतात तो भाग) अंतर मोज: ३४ इंच भरलं तर लाँग स्केल, ३० च्या आसपास असेल तर शॉर्ट स्केल. इथे चुकलास की तारा नीट बसणार नाहीत, पैसे पाण्यात.

चार तारांच्या लाँग स्केलला निकेल राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत), ४५-१०५ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घे. सुरुवातीला बोटं दुखतीलच, घाबरू नकोस. फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या) गुळगुळीत, आवाज गोलसर, पण महाग. त्यांचं पुढे कधी बघू. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वाजवायचा, आणि तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणे!

हमखास होणारी चूक म्हणजे तार आखूड कापणं. खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोड, मगच काप. माझी ई ची (सर्वांत जाड) नवीकोरी तार अशीच वाया गेली. आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पूस.