कयाकमधून बोनिटो मिळतो का? मिळतो, पण पहिला मासा लागला की पुढे जाऊ नका

तुमचा प्रश्न असा आहे: सॅन डिएगोत नुकतेच राहायला आला आहात, पायांनी चालवायची कयाक, म्हणजे छोटी चिंचोळी होडी, घेतली आहे, मित्राकडे १६ फुटी बोट आहे. ट्रोलिंग करून, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेऊन, यातून बोनिटो मासा मिळेल का, की पैसे भरून मोठ्या बोटीवरच जावं लागेल?

मिळेल. मी मूळचा मालवणकडचा, गेली अकरा वर्षं इथे आहे आणि सॅन डिएगोतल्याच ला होयाच्या समुद्रात कयाक घेऊन जातो. मला आजवर मिळालेले बहुतेक बोनिटो कयाकमधूनच मिळाले आहेत.

हा पॅसिफिक बोनिटो आपल्या कुप्याचा, म्हणजे आमच्याकडच्या गेदराचा, भाऊबंद. पाठीवर तिरपे काळे पट्टे असतात, त्यावरून लगेच ओळखू येतो. त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते. पोहणं थांबलं की तो बुडायला लागतो आणि कल्ल्यांतून पाणीही वाहत नाही, म्हणून जन्मभर पळत राहतो. पळणाऱ्या अँकोव्ही या छोट्या माशांमागे पळणं हेच त्याचं जेवण. चालत्या बोटीमागचं आमिष त्याला इतकं पटतं ते यामुळेच.

जुलै ते ऑक्टोबर हा भरवशाचा काळ. पाणी तापलेलं असलं, जसं २०१५ च्या एल निनोच्या वर्षी होतं, तर मासा भरपूर असतो.

ला होयात कयाक लोटायची जागा म्हणजे ला होया शोअर्सचा किनारा, अवेनिदा दे ला प्लाया या रस्त्याच्या टोकाशी. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. किनाऱ्यालगतचं पाणी मॅटलावाइल या राखीव क्षेत्रात येतं. २०१२ पासून तिथे मासेमारीला पूर्ण बंदी आहे. त्यातून जायला हरकत नाही, पण बाहेर पडेपर्यंत गळ पाण्यात सोडू नका. हद्दी फोनवरच्या नकाशात आधीच उतरवून घ्या. दक्षिणेला आणखी एक राखीव क्षेत्र आहे, तेही पाहून ठेवा. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, शिवाय दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रासाठी त्यावर एक जादा शिक्का घ्यावा लागतो. बोनिटो दिवसाला दहा ठेवता येतात. त्यांतले पाचच २४ इंच किंवा ५ पौंडांहून लहान चालतात. नियम बदलत असतात, जाण्याआधी राज्याच्या मत्स्य खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघा.

आता गळाबद्दल. कयाकचा वेग तासाला तीन ते चार मैल असतो. बोटीवाले जी पिसं, म्हणजे पिसांचा झुपका लावलेले गळ, ओढतात ती या वेगात नुसती लोंबत राहतात. कयाकसाठी ओठाला पाती असलेला, ओढला की आपणहून खाली जाऊन थरथरणारा मासोळीच्या आकाराचा प्लग घ्या, चार ते पाच इंची, पाठ निळी आणि पोट चंदेरी. मित्राच्या बोटीतून पाच-सहा नॉट्सनी जाणार असाल तर मात्र पिसं उत्तम, त्यांच्यापुढे पाणी उडवणारा रंगीत लाकडी तरंगा लावायचा. तो फेसाळत चालला की बोनिटोंना वाटतं, वर कुणीतरी आधीच शिकार करतंय.

तंगूस १५ ते २० पौंडांचा पुरे. शेवटी वावभर फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात फारसा न दिसणारा दोर, बांधा. तार लावू नका. आपल्याकडे सुरमईसाठी तार लागते, कारण तिचे दात कात्रीसारखे चालतात. बोनिटोचे दात लहान आणि टोकदार असतात, दोर कापत नाहीत, आणि तार दिसली की तो वळतो. तीन टोकांच्या गऱ्या काढून एकेरी गरी लावा. कयाकमध्ये मासा तुमच्या मांडीवर येतो आणि त्याची शेपटी ढोल वाजवल्यासारखी धडधडते. तेव्हा रिकामी राहिलेली दोन टोकं कुठे घुसतील सांगता येत नाही.

गळ कयाकच्या मागे तीस-चाळीस मीटर सोडा आणि केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलाच्या बाहेरच्या कडेनं चला, जिथे पाणी वीस ते तीस मीटर खोल आहे. सरळ रेषेत जाऊ नका. दोन बाजूंना दोन गळ सोडून नागमोडी चाललात की वळणाच्या बाहेरच्या बाजूचा गळ वेग घेतो, आतला मंदावतो. मासा कुठल्या गळाला लागला हे पाहिलं की आज त्यांना कसा वेग हवा आहे ते कळतं. पाणी प्यायला थांबलात आणि पुन्हा पेडल मारायला लागलात की नेमका त्याच क्षणी पुष्कळदा झटका बसतो, कारण थांबलेलं आमिष अचानक पळायला लागतं. मी आता मुद्दाम अधूनमधून थांबतो.

पक्षी बघत राहा. कुररी पक्षी एका जागी घिरट्या घालून सुळकन खाली येत असतील तर खाली अँकोव्ही आहे आणि त्यांच्याखाली बहुधा बोनिटो. पण त्या गोंधळाच्या मधून कयाक नेऊ नका, माशांचा थवा खाली जातो. कडेनं वळसा घ्या, गळ आपोआप कडेवरून जाईल.

आणि आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. नवीन माणूस एक मासा पकडतो, खूश होतो आणि पुढे निघतो. लहानपणी चुलत्यांबरोबर होडीतून इसवण, म्हणजे सुरमई, गरवायला जायचो, तेव्हा ते ओरडायचे, "मासो गावलो मां? मगे फुडे खय चललंस? मागे फीर!" बोनिटो एकटा नसतो. ट्रोलिंग ही मुळात थवा शोधायची रीत आहे, आणि पहिला झटका म्हणजे थवा सापडल्याची खबर.

पण "मागे" म्हणजे नेमकं कुठे, यात गफलत होते. मासा दमवायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात तो तुम्हाला ओढतो, वारा ढकलतो, प्रवाह नेतो. मासा हातात आल्यावर जिथे असता ती जागा उपयोगाची नाही. झटका बसला त्याच क्षणी खूण करा. जीपीएस असेल तर एक बटण दाबा. नसेल तर चुलते करायचे तसं करा: किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, आणि दुसऱ्या बाजूला आणखी दोन. ते देवळाचा कळस आणि मागचा डोंगर धरायचे, मी इथे माउंट सोलेदादवरचा क्रॉस आणि किनाऱ्यावरची एक इमारत धरतो. झटका बसला तेव्हा गळ तुमच्या चाळीस मीटर मागे होता हेही हिशेबात धरा. मग त्या जागेवरून आडवं-उभं दोनदा जा. दुसऱ्या फेरीत काही लागलं नाही तर थवा हलला आहे, पक्ष्यांकडे बघत पुढे निघा.

बोटीत दोघं-तिघं असाल तर एक मासा लागल्यावर दुसऱ्यानं आपला गळ लगेच गुंडाळू नये. इंजिन बंद झाल्यावरही तो पाण्यात हलत राहू द्या. पहिल्या माशामागे आलेले तिथेच असतात.

कयाकमध्ये मासा झुंजत असताना काठीचं टोक नाळेकडे ठेवा. आडव्या बाजूनं ओढ बसली तर कयाक कलते. रीलचा ताण दोराच्या ताकदीच्या पाव हिश्श्याएवढा असू द्या. दोर कधीही हाताला गुंडाळू नका. हे मी हात जोडून सांगतो, आमच्याकडे एकाच्या हाताचं बोट असंच गेलं. शेवटी मासा कयाकखाली गोल फिरतो, घाई न करता त्याला फिरू द्या आणि शेपटीच्या बारीक देठाला घट्ट धरून उचला. लाइफ जॅकेट अंगात हवंच, नुसतं जवळ ठेवलेलं नाही. इथलं पाणी कोकणासारखं कोमट नाही, पडलात तर हातपाय लवकर आखडतात. सकाळी धुकं असेल तर मोठ्या बोटींना तुम्ही दिसत नाही. उंच झेंडा लावा, रेडिओ चॅनेल १६ वर ठेवा.

इथले पुष्कळ गळवाले बोनिटोला कमी लेखतात, म्हणतात काळा मासा आहे, उग्र आहे, आमिषालाच बरा. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष माशाचा नाही. तो गरम रक्ताच्या ट्यूनाच्या कुळातला, अंगात भरपूर रक्त. ते काढलं नाही आणि उन्हात ठेवला तर उग्र होणारच, आणि नुसता उग्र नाही. पहिल्या वर्षी मी दोन मासे कयाकच्या मागच्या खळग्यात बराच वेळ ओल्या फडक्याखाली ठेवले होते. वास अजिबात नव्हता. रात्री जेवल्यावर अर्ध्या तासात माझ्या मेव्हण्याचं तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं, अंगाला खाज सुटली. डॉक्टरांनी सांगितलं की ही माशाची अ‍ॅलर्जी नाही: या कुळातल्या माशात हिस्टिडीन भरपूर असतं, मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते शिजवून, तळून जात नाही. आपला बांगडाही याच कुळातला.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. मासा वर आला की डोक्यावर एक ठोका, दोन्ही बाजूंचे कल्ले कापायचे, समुद्राच्या पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून रक्त जाऊ द्यायचं. दोरीला बांधून बाहेर लोंबत ठेवू नका, सी लायन येऊन नेतात. मग थेट बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या जाड पिशवीत. नुसत्या बर्फापेक्षा हा काला माशाला सगळीकडून लवकर गार करतो. बर्फ घेतला नसेल त्या दिवशी मी मासा ठेवत नाही, सोडून देतो.

घरी आल्यावर तुकड्यांच्या मधला काळपट लाल पट्टा काढून टाका, उग्रपणा तिथेच असतो. बाकीच्याचं तिखलं करा, बांगड्याचं करता तसंच: ओलं खोबरं, लाल मिरच्या, आमसुलं, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. तिरफळं इथे दुकानात मिळणं कठीण, गावाहून येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. मासा घातल्यावर सात-आठ मिनिटांत आच बंद करा, जास्त शिजला की भुसभुशीत कोरडा होतो. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरलेलं असतं, म्हणून दोन मासे मिळाले तर एक सगळाच तिखल्याला काढा.