व्हिटॅमिन डी कमी असल्यामुळे बीपी वाढतं का? डी सुरू केलं तर बीपीची गोळी सोडता येईल का?

तुमचं डी ११ आलंय, बीपी १५०/९४ आहे. डी कमी असलं की रक्तवाहिन्या आवळतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बीपीची गोळी सोडून नुसतं डी घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून सोडू नका. नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे आणि काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांगणाऱ्याचं म्हणणं अगदीच निराधार नाही. मूत्रपिंडातून रेनिन नावाचं रसायन रक्तात उतरतं, त्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं आणि ते रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना आवळतं. वाट अरुंद झाली की दाब वाढणारच. व्हिटॅमिन डी या रेनिनला लगाम घालतं. २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं: डीचा रिसेप्टरच (पेशीत ज्याला चिकटून डी काम करतं ती जागा) नसलेल्या उंदरांत रेनिनही वाढलं आणि बीपीही. तुमच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन असेल, तर ती गोळी याच अँजिओटेन्सिनला अडवते.

पण माणसांना डी देऊन बघितलं, तेव्हा तसं घडलं नाही. डी कमी आणि बीपी थोडं वाढलेलं अशा ५३४ जणांना सहा महिने रोज ४०० किंवा ४,००० युनिट दिली. दोन्ही गटांच्या बीपीत फरक पडला नाही. २०१५ मध्येच ४६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यातही हेच निघालं. मग डी कमी असणाऱ्यांत बीपी जास्त का आढळतं? माझ्या मते मोठं कारण हे, की वजन जास्त, हालचाल कमी, दिवसभर घरात किंवा कंपनीत, अशा माणसाचं दोन्ही बिघडतं.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. आमच्या एका नेहमीच्या काकूंना साठ हजार युनिटची डीची कॅप्सूल आठवड्यातून एक अशी लिहून दिली होती. त्या रोज घेत राहिल्या. स्ट्रिप कधी मी दिली, कधी दुकानातल्या मुलाने, आमच्याही लक्षात आलं नाही. महिन्याभराने आल्या त्या तोंडाला कोरड, मळमळ, बद्धकोष्ठ आणि बीपी आधीपेक्षा जास्त घेऊन. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. कॅल्शियम फार वाढलं की रक्तवाहिन्या उलट आणखी आवळतात आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. त्यात त्यांना बीपीसाठी क्लोरथॅलिडोन चालू होतं, जे लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं. काकू सावरल्या, पण ती चूक मला अजून टोचते. तेव्हापासून प्रत्येक स्ट्रिपवर मी मार्करने ‘फक्त रविवारी’ असं लिहून देतो.

११ म्हणजे कमतरता आहेच, ती हाडांसाठी भरून काढा. डॉक्टरांनी दिलेला कोर्स दूध किंवा जेवणाबरोबर घ्या आणि तो संपल्यावर ते सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. गोदाघाटावर सकाळी कोवळ्या उन्हात फिरणं बीपीला चांगलंच, पण डी मात्र फारसं मिळत नाही. त्यासाठी सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असतानाचं ऊन लागतं. दुपारच्या सुट्टीत हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर बसा. जेवणातलं लोणचं-पापड कमी केलंत तर बीपीला डीपेक्षा जास्त फायदा होईल. आणि बीपीच्या गोळीच्या नावात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड दिसलं, तर डीची पहिली कॅप्सूल घेण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.